शेजारधर्म आणि मनाचे आरोग्य

(राहुरी येथे धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी बोलावयास उभ्या राहणाऱ्याकडून बहुधा दोन गोष्टींची अपेक्षा असते. गेलेल्या पिढ्यांचे त्याने स्मरण करावे, आणि येणाऱ्या पिढ्यांस हिताचे चार शब्द सांगावेत. ह्या दोन्ही गोष्टी आम्ही यथाशक्ती करणार आहोत. तथापि ज्या विषयाच्या द्वारे त्या करावयाच्या, तो विषय अशा समारंभात सहसा निघत नाही. म्हणून आरंभीच सांगून टाकतो. आपल्या वस्त्यांतील माणसांची मने आजारी पडतात, आणि ती आजारी पडण्याशी व पुन्हा बरी होण्याशी आपल्या शेजारधर्माचा निकटचा संबंध आहे, हा तो विषय होय.

आनंदाच्या दिवशी हे दुःखाचे बोलणे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'ज्युबिली' ह्या शब्दातच आहे. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा केली आहे. त्या वर्षी रणशिंग फुंकावयाचे, कर्जापायी गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत यावयाची, आणि दास्यात पडलेल्या माणसाने आपल्या कुळाकडे परत जावयाचे. म्हणजे ज्युबिली ही मुळात दिव्यांची, पताकांची वा जेवणावळीची गोष्ट नव्हे. जो आपल्या माणसांपासून तुटला तो आपल्या माणसांत परत आला, तर ज्युबिली झाली. ह्या मापाने मोजावयाचे झाल्यास आज ह्या मंडपात कोण आले आहे, ह्याबरोबरच कोण आलेले नाही, हेही पाहिले पाहिजे.

प्रथम थोडे पूर्वस्मरण करू. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांतील भयंकर दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. त्याच सुमारास येशूसंघाचे जर्मन भाषा बोलणारे धर्मगुरू ह्या मुलखात आले. आपल्याच तालुक्यातील केंदळ हे त्यांच्या आरंभीच्या ठाण्यांपैकी एक होय. ज्यांच्यामध्ये ते आले ते आपले पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे, हातावर पोट असलेले, पाणवठ्यावरही मज्जाव सोसणारे लोक होते. त्या काळी त्यांच्यापाशी काय होते? जमीन नव्हती, अक्षर नव्हते, दाणा नव्हता. पण एक धन होते. एकाच्या घरी चूल पेटली नाही तर ते चौघांना कळत असे. शेतीच्या कामाला सावड होती, इर्जिक होती. आज ह्याच्या रानात सगळ्यांनी राबावे, उद्या त्याच्या. जात्यावर बायका जोडीने बसत, आणि जे दुःख दिवसा बोलता येत नसे ते पहाटे दळताना ओवीतून बाहेर पडे. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना हा देश सोडावा लागला. तशा काळातही श्रद्धेचा दिवा विझला नाही, ह्याचे श्रेय परमेश्वराच्या कृपेखालोखाल त्या एकमेकांस धरून राहिलेल्या वस्त्यांना दिले पाहिजे.

त्यानंतर काळ पालटला. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी कोरडवाहू रानात ऊस उभा केला. साखर कारखाने आले. पुढे मुळेवर धरण झाले. १९६८ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि राहुरीचे नाव देशभर पोहोचले. ह्या सर्वांतून आपल्यापैकी पुष्कळांस भाकर मिळाली, शिक्षण मिळाले, नोकरी मिळाली. त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोतच. परंतु ज्या वाटांनी भाकर घरात आली त्याच वाटांनी माणसे घराबाहेर गेली. तरुण मुले पुण्यास, चाकणला, सुप्याच्या कारखान्यांत गेली. मुली परगावी नांदावयास गेल्या. मागे उरली ती पत्र्याच्या दोन खोल्यांतील म्हातारी माणसे, रोजंदारीवर जाणाऱ्या बाया, आणि काम नसलेले पुरुष. घरे पूर्वीपेक्षा दाट झाली, भिंतीला भिंत लागली; तरी भिंतीपलीकडे काय चालले आहे ते आता कळेनासे झाले.

येथे आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. ती सांगताना संकोच वाटतो, पण न सांगता हे भाषण करणे खोटेपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या सणासाठी आम्ही चार-पाच मंडळी पावतीपुस्तक घेऊन वस्तीत वर्गणी गोळा करीत फिरत होतो. एका गल्लीच्या तोंडाशी एक विधवा बाई राहत असत. सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणे. पती वारले होते, मुलगा पुण्याकडे कामाला गेला होता, आणि त्याचे पैसे व फोन दोन्ही येईनासे झाले होते. आम्ही त्यांच्या दाराशी आलो, एकमेकांकडे पाहिले, आणि कोणीतरी हळूच म्हणाले, "इथे नको, बिचारीकडे काय असणार?" आम्ही पुढे गेलो. त्यात आमचा हेतू वाईट नव्हता; किंबहुना आपण दया केली असेच आम्हांस वाटले.

त्यानंतर मावशी मिस्सेला दिसेनात. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकाच्या टोकाची त्यांची जागा रिकामी राहू लागली. कोणी म्हणाले, मुलाकडे गेल्या असतील. कोणी म्हणाले, रागावल्या असतील. सहा महिने आम्ही त्या रिकाम्या जागेकडे पाहत प्रार्थना म्हटली, आणि एकानेही दोनशे पावले चालून जाऊन चौकशी केली नाही. शेवटी शेजारची एक शाळकरी पोर, जी त्यांना पाण्याची कळशी भरून देत असे, तिने आपल्या आईला सांगितले की आजी दोन दोन दिवस चूल पेटवीत नाहीत, नुसत्या भिंतीकडे तोंड करून निजून असतात, आणि "आता मला न्या" असे पुटपुटतात. तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी सांगितले की हे नैराश्य आहे. हा आजार आहे. औषध आहे, आणि औषधाबरोबर माणसेही लागतील. मग बायकांनी पाळी लावली. एकीने सकाळी जावे, एकीने संध्याकाळी. जपमाळ त्यांच्याच ओट्यावर म्हणावी. काही महिन्यांत मावशी उठून बसल्या, भाकरी थापू लागल्या.

पुढे एकदा बोलता बोलता त्या आम्हांस म्हणाल्या, "मास्तर, त्या दिशी तुम्ही माझं दार सोडून गेले. मला वाटलं, वहीतून माझं नाव गळालं. पाच रुपये तरी मागायचे होते."

प्रिय जनहो, ह्या एका वाक्याने जे आम्हांस शिकविले ते पन्नास पुस्तकांनी शिकविले नसते. आम्हांस वाटत होते की गरिबाला द्यावे म्हणजे झाले. पण ज्याच्यापाशी कोणी काही मागत नाही, तो माणूस वस्तीत असूनही वस्तीबाहेर असतो. देणारे हात त्याच्याकडे येतात आणि निघून जातात. त्याचा स्वतःचा हात मात्र कोणाला लागत नाही. अशा माणसाच्या मनात हळूहळू एकच विचार घर करतो, की आपण असलो काय नि नसलो काय, सारखेच. मनाच्या अनेक आजारांची मुळे ह्या विचारापाशी येऊन भिडतात.

विद्वानांनीही आपापल्या रीतीने हेच शोधले आहे. एमिल द्युर्कहाइम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील निरनिराळ्या प्रांतांचे आकडे ताडून पाहता प्रॉटेस्टंट लोकांपेक्षा कॅथलिक लोकांत आत्महत्या कमी घडतात, असे त्यास आढळले. आत्महत्येचा निषेध तर दोन्ही पंथ करीत होते; मग फरक का? त्याचे उत्तर असे की कॅथलिक माणूस सण, संस्कार, प्रार्थना ह्यांच्या द्वारे समाजाशी अधिक घट्ट बांधला गेलेला होता. पुढील अभ्यासकांनी ह्या आकड्यांविषयी शंका काढल्या आहेत, आणि त्यावरून आपण मिशीला पीळ द्यावा असे तर मुळीच नाही. उलट त्यातून आपल्यावर जबाबदारी येते. माणसाला तारणारी गोष्ट बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले नाव एवढीच नसून जिवंत बांधिलकी आहे, असे जर आहे, तर बांधिलकी सैल पडली की नुसते नाव आपल्याला वाचविणार नाही.

आपल्या देशातील स्थितीही पाहू. बंगळूरच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. परंतु त्यातून जे दिसले ते आपल्यासही लागू पडण्यासारखे आहे. प्रौढ माणसांपैकी शेकडा दहाहून थोडी अधिक माणसे त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त होती, कमी मिळकतीच्या घरांत हे प्रमाण अधिक होते, आणि बहुतेकांस काहीच उपचार मिळत नव्हते. आज ह्या सभेत शंभर माणसे बसली असतील तर त्यांतील दहांचे दुःख शेजारच्या खुर्चीवरच्यास ठाऊक नसेल, असा ह्याचा सरळ अर्थ होतो.

राहुरीच्या मातीशी संबंध असलेले एक थोर उदाहरण येथे आठवते. लक्ष्मीबाई टिळक ह्या प्रॉटेस्टंट मंडळीतील होत्या, पण त्यांची 'स्मृतिचित्रे' सर्व मराठी घरांची आहेत. त्या काही काळ ह्याच राहुरीत राहिल्या. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ह्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याची वार्ता आली, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. दुःखाने त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. त्या दिवसांत बहीण व मेहुणे ह्यांनी त्यांना जवळ ठेवून जपले, आणि त्या अवस्थेतून त्या हळूहळू बाहेर आल्या. नंतर त्यांनी किती लोकांची सेवा केली हे सर्वश्रुत आहे. जिला एके काळी सांभाळावे लागले तीच पुढे इतरांस सांभाळणारी झाली. मनाने खचलेल्या माणसास वाया गेलेला समजणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

आता कोणी म्हणेल की पूर्वीच्या वस्त्यांचे गोडवे गाऊन काय उपयोग? हे म्हणणे रास्त आहे, आणि आम्हांसही जुन्या दिवसांवर सोनेरी मुलामा चढवावयाचा नाही. शेजार तारतो तसा मारतोही. जी गल्ली आजाऱ्याला पेज आणून देते, तीच गल्ली पोर नापास झाले, सून माहेरी गेली, नवरा दारू पिऊन पडला, की दहा तोंडांनी बोलते. भिशी आणि बचतगट अडीनडीला उपयोगी पडतात. पण हप्ता चुकला की दहा बायका दाराशी येऊन बसतात, आणि त्या लाजेने एखादी बाई घराबाहेर पडेनाशी होते. लग्नात बरोबरी करण्यासाठी काढलेले कर्ज माणसाची झोप नेते. मनाचा आजार झाला तर 'बाहेरचे झाले', 'करणी केली', असे सांगून देवऋष्याकडे नेणारेही शेजारीच असतात. म्हणून नुसती पुष्कळ ओळखी असलेली वस्ती म्हणजे निरोगी वस्ती नव्हे. ज्या नात्यात माणसाला आपली पडती बाजू न लाजता सांगता येते, तेच नाते औषधाचे काम करते.

असे नाते मुद्दाम जोडता येते काय? येते, आणि आपल्याजवळच त्याचे दाखले आहेत. पुणे शहरातील गरीब वस्त्यांत 'बापू ट्रस्ट' ह्या संस्थेने 'सेहेर' नावाचे काम चालविले. १९९९ साली भार्गवी दावर ह्यांनी ही संस्था स्थापिली. तिचे कार्यकर्ते वस्तीत घरोघर जातात, आजारी माणसाशी बोलतात, आणि त्याच्याभोवती घरचे, शेजारचे अशा माणसांचे एक कडे उभे करतात. आपल्या धर्मप्रांताचे पीठ जेथे आहे त्या नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ ह्या काळात एकेचाळीस गावांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. त्यात गावातीलच साध्या स्त्रीपुरुषांस शिकवून तयार केले. दुःखी माणूस ओळखावा, त्याचे ऐकून घ्यावे, चार-सहा वेळा भेटून त्याला धीर द्यावा, आजार मोठा असेल तर डॉक्टरांकडे पोहोचवावे, आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यावा, एवढेच त्यांचे काम. हा शेवटचा भाग क्षुल्लक नाही. ज्या विधवेचा निराधार योजनेचा अर्ज अडून पडला आहे, तिला नुसते 'धीर धर' म्हणणे ही थट्टा होय. तिच्याबरोबर तहसील कचेरीत जाऊन रांगेत उभे राहणे हाच धीर.

ह्याहून जवळचे पाहावयाचे तर राहुरीहून नगरकडे जाताना शिंगवे नाईक हे गाव लागते. तेथे डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे ह्या दांपत्याने 'माउली सेवा प्रतिष्ठान' ह्या संस्थेच्या द्वारे रस्त्यावर टाकून दिलेल्या, मनाने आजारी अशा स्त्रियांस व त्यांच्या मुलांस आसरा दिला आहे. त्या कार्यास वंदन करावे तितके थोडे. पण बंधुभगिनींनो, त्या स्त्रिया आकाशातून रस्त्यावर पडल्या नव्हत्या. प्रत्येकीचे कधीतरी एक घर होते, आणि त्या घराला शेजार होता.

आपल्या पवित्र सभेच्या इतिहासातही ह्याचे एक विलक्षण उदाहरण आहे. बेल्जम देशात गील नावाचे गाव आहे. तेथे संत डिम्फना ह्या हुतात्मा कुमारिकेचे मंदिर आहे, आणि मध्ययुगापासून मनाने आजारी माणसांस घेऊन लोक तेथे यात्रेस येत. मंदिरातील जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्या आजाऱ्यांस आपापल्या घरी ठेवून घेण्यास आरंभ केला. ही चाल शतकानुशतके टिकली. १९३८ च्या सुमारास साडेतीन हजारांहून अधिक आजारी माणसे त्या गावच्या घरांत राहत होती. आता संख्या पुष्कळ घटली असली तरी चाल मोडलेली नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या घरांनी ह्या माणसांस नुसते अन्न घातले नाही. त्यांना शेतात, घरात, मुले सांभाळण्यात झेपेल ते काम दिले. मावशींनी आम्हांस जे सांगितले तेच गीलच्या शेतकऱ्यांस कोणी न सांगता उमगले होते.

येथे धर्माच्या एका नाजूक प्रश्नाला स्पर्श करणे अवश्य आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात अद्याप असे बसले आहे की निराशा म्हणजे श्रद्धेचा अभाव, आणि ज्याने स्वतःचा जीव घेतला त्याला ख्रिस्ती दफन नाही. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास दफनविधी नाकारला होता, हे खरे. परंतु १९८३ च्या कायद्यात ते कलम ठेवलेले नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात जीवन ही परमेश्वराची देणगी आहे ही शिकवण कायम ठेवून असे स्पष्ट केले आहे की गंभीर मानसिक विकार, भय वा यातना ह्यांमुळे माणसाची जबाबदारी उणावते, आणि अशा मृतांच्या तारणाविषयी आशा सोडू नये. पवित्र सभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. देशाच्या कायद्यानेही हाच मार्ग धरला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. तेव्हा ज्या घरावर असा प्रसंग ओढवला त्या घराकडे पाठ फिरविण्यास आता कोणतेच निमित्त उरलेले नाही. असे घर आपल्या धर्मग्रामात असेल, तर आजच्या जेवणाला त्यांना हात धरून आणणे हा ज्युबिलीचा पहिला विधी समजावा.

शास्त्रातही पाहा. ईयोबावर आपत्ती कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री एक अक्षर न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तेवढे त्यांचे उत्तम झाले. पुढे त्यांनी तोंड उघडले, त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधू लागले, आणि परमेश्वराचा कोप ओढवून घेतला. आपणही बहुधा पहिला भाग टाळतो व दुसरा करतो. आणि मार्काच्या शुभवर्तमानातील तो कबरस्तानात राहणारा, स्वतःस दगडांनी ठेचून घेणारा माणूस आठवा. लोकांनी त्याला साखळ्यांनी बांधून पाहिले होते. प्रभूने त्याला बरे केले, आणि तो प्रभूमागे येऊ म्हणाला तेव्हा प्रभूने त्याला आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जावयास सांगितले. घरच्यांत परत जाणे हा त्याच्या बरे होण्याचाच शेवटचा भाग होता. पण आम्हांस नेहमी वाटते, ज्या गावाने त्याला साखळ्या घातल्या त्या गावाने त्याला परत घेतले असेल काय? ते शुभवर्तमानात लिहिलेले नाही. त्याचे उत्तर प्रत्येक गावाने आपापले द्यावयाचे आहे.

तर मग आपण काय करावे? मोठ्या योजना आम्ही मांडीत नाही. चार गोष्टी सांगतो, त्या चारही बिनखर्चाच्या आहेत.

पहिली, रिकाम्या जागेकडे लक्ष द्यावे. लागोपाठ दोन रविवार कोणी दिसले नाही, तर तिसऱ्या रविवारच्या आत त्याच्या घरी कोणीतरी जावे. आजारी की रागावले, हा तर्क घरी बसून करू नये.

दुसरी, जोडीने जावे. प्रभूने आपल्या शिष्यांस दोघादोघांनी पाठविले. १८३३ साली पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम व त्याचे मित्र ह्यांनी संत विन्सेंट दि पॉल ह्यांच्या नावे जी संस्था काढली, तिनेही गरिबांच्या घरी स्वतः जाऊन भेटण्याचा नियम ठेवला. जावे, बसावे, ऐकावे, आणि ऐकलेले तेथेच ठेवून यावे. ज्याच्या तोंडून एका घरचे दुसऱ्या घरी जाते, त्याने हे काम अंगावर घेऊ नये. एकदा फुटलेली गोष्ट दहा दारे बंद करते.

तिसरी, आजाराला आजार म्हणावे. झोप उडाली, भूक गेली, कशात मन लागेना, मरणाचे विचार येऊ लागले, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. क्षयाला, मधुमेहाला आपण औषध घेतो. ह्यालाही घ्यावे, आणि डॉक्टर सांगतील तोवर सोडू नये. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे; तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते, आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपण आपल्या घरी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. आणि कोणी मरणाची भाषा बोलला तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला सरळ, शांतपणे विचारावे, एकटे सोडू नये, आणि सोबत जाऊन मदत मिळवून द्यावी. विचारल्याने तो विचार वाढत नाही. बहुधा ओझे हलके होते.

चौथी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी. कोणाचेही दार चुकवू नये. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडे पाच रुपये मागावेत. पाच नसतील तर मूठभर दाणे, तेही नसतील तर हार ओवण्याचे, चर्च झाडण्याचे, मुलांना जपमाळ शिकविण्याचे काम मागावे. निजून असलेल्या म्हाताऱ्याला सांगावे, "बाबा, अमक्याच्या मुलीची परीक्षा आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा," आणि निकाल लागल्यावर त्या मुलीने पेढा घेऊन त्यांच्याकडे जावे. दारू सोडू पाहणाऱ्या तरुणाला उपदेश करीत बसण्यापेक्षा मंडपाचे खांब रोवावयास बोलवावे. माणसाला आपली गरज आहे हे त्याला कळले पाहिजे, आणि ते त्याला तोंडाने सांगून कळत नाही. काही मागितल्यानेच कळते.

येथून जवळच, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. लाखो लोक येतात. त्या गर्दीत प्रत्येक जण एक गाठोडे मनात बांधून आलेला असतो, आणि ते माउलीच्या पायाशी सोडून हलक्या पायांनी घरी परततो. आपण विचार करावा की वर्षातले उरलेले दिवस ते गाठोडे त्याने कोठे सोडावे? पवित्र माता काना येथील लग्नघरात द्राक्षारस सरला हे यजमानाने न सांगता ओळखते. तिच्या लेकरांनी निदान शेजारच्या घरातील चूल विझली एवढे तरी ओळखावे.

आता पुन्हा मावशींकडे येतो आणि पुरे करतो. ह्या ज्युबिलीसाठी वर्गणीची वही काढली, तेव्हा पहिले दार त्यांचे घ्यावयाचे असे आम्ही ठरविले. त्या दारातच उभ्या होत्या; बहुधा आमची वाटच पाहत असाव्यात. कमरेच्या पिशवीतून त्यांनी दहाची नोट काढली, आणि म्हणाल्या, "पावती द्या. अन् नाव नीट लिहा." आम्ही नाव लिहिले. ज्युबिलीच्या जमाखर्चात ती रक्कम दहा रुपयेच दिसेल. आमच्या हिशेबी त्या वहीतील सर्वांत मोठी रक्कम तीच आहे, आणि ती द्यावयास आम्ही त्यांना एके काळी नकार दिला होता, हेही आम्ही विसरू इच्छीत नाही.

आज संध्याकाळी घरी जाताना आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गल्लीतील दारे मोजावीत. एखादे दार आपण दयेपोटी, कंटाळ्यापोटी वा जुन्या भांडणापायी सोडून देत असू, तर उद्या सकाळी तेथे जावे आणि काहीतरी मागावे. विरजण मागावे, चिमूटभर मीठ मागावे. रणशिंग आमच्यापाशी नाही. ज्युबिली अशा दारावरच्या हाकेनेच सुरू होईल.

ज्याने हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव मागे ठेवली, तो उत्तम मेंढपाळ आपल्या धर्मग्रामावर कृपा करो, खचलेल्या मनांस उभारी देवो, आणि आपल्यापैकी कोणाचेही नाव आपल्या वहीतून गळू न देवो. आमेन.